बिब्याच्या बाजूने

वैशाखातल्या भर दुपारी जळगाव जामोदच्या बाजारात एक साठी ओलांडलेली बाई चालत असते. सुती पातळावर पुरुषाचा पांढरा, फुलबाह्यांचा शर्ट, बटणं थेट गळ्यापर्यंत लावलेली, डोकं-तोंड कॉलेजच्या पोरींसारखं दुपट्ट्यात गुंडाळलेलं, आणि हातात भाजीची पिशवी. कापूस वेचणाऱ्या बाया असा शर्ट घालतात, पण ही बाई तहसील कचेरीतून पेन्शनवर आलेली. एकदा भाजीवाल्यानं विचारलं, "काकू, वावरात चालल्या का?" तेव्हा तिनं उत्तर दिलं, "नाही. उन्हाच्या केसमधे माही तारीख हाय." भाजीवाल्याला काही कळलं नाही, तरी त्यानं मान डोलावली. तिच्यासमोर मान डोलावणं बरं, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

ही आमची घरमालकीण. बँकेच्या नोकरीत माझी जळगाव जामोदला बदली झाली, तेव्हा आम्ही नवरा-बायको तिच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. मी अनेक गावांत भाड्यानं राहिलो आहे. घरमालक लोक काय काय विचारतात, ते मला पाठ आहे. जात विचारतात, मटण खाता का विचारतात, पाहुणे किती येतात विचारतात. या बाईनं आम्हाला दारातच उभं केलं आणि पहिला प्रश्न टाकला, "तुमाले बिबा उतते का?"

माझी बायको साताऱ्याची. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माहीत नाही."

"माहीत नाही म्हनजे उतते असं समजून चालू. मंग त्या कोपऱ्याकडे जायचं नाही. बाकी घर तुमचं."

त्या कोपऱ्यात, मोरीच्या पलीकडे, बिब्यांचं पोतं असायचं. बिब्याचं झाड सातपुड्याच्या अंगाला बरंच. त्याच्या फळाच्या टणक कवचात काळं तेल असतं. ते कातडीला लागलं की फोड येतात, आग होते, तोंड सुजतं. कुणाला जास्त, कुणाला कमी, आणि कुणाला तर नुसता धूर लागला तरी. यालाच बिबा उतणं म्हणतात. कुणाच्या चांगल्या चाललेल्या कामात बिब्बा घातला असं मराठी माणूस सहज बोलून जातो, त्यात या फळाची सगळी बदनामी आली. पण त्याच कवचाच्या पोटात गोडंबी निघते, बदामाची वऱ्हाडी बहीण. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात गोडंबी नसली तर आमच्याकडे त्याला लाडू म्हणत नाहीत.

आमची घरमालकीण बिबे घरी फोडायची. खरं तर फोडलेली गोडंबी बाजारात मिळते. पण तिचं माहेर पायथ्याच्या गावचं, आणि माहेरची रीत तिनं कचेरीत नोकरी करतानाही सोडली नव्हती. होळी झाली की अंगणात, भर उन्हात पोतं पसरायचं, समोर दगड घ्यायचा, हाताला राख लावायची आणि ठोकायला बसायचं. पहिला बिबा उचलण्याआधी त्या ढिगाला हात जोडून म्हणायची, "मामा, राम राम." तिच्या आजीनं तिला लहानपणीच शिकवलं होतं, की बिब्याला मामा म्हणायचं, म्हणजे मामा भाचीला चावत नाही. आणि खरोखरच उभ्या आयुष्यात तिला बिबा कधी उतला नव्हता. या गोष्टीचा तिला जो अभिमान होता तो पेन्शनीचा नव्हता, स्वतःच्या घराचा नव्हता, पुण्यात इंजिनिअर असलेल्या मुलाचाही नव्हता. मुलाचं कौतुक कुणी केलं तर म्हणायची, "त्याले बिबा उतते," आणि विषय संपवायची.

तहसील कचेरीत ती आवक-जावक लिपिक होती. आलेलं टपाल आवक, गेलेलं जावक. सगळी नोकरी त्या एका टेबलावर गेली, त्यामुळे घरातही तीच भाषा. डब्यातली साखर संपली की "साखर निरंक." नळाला पाणी आलं की "पाण्याची आवक सुरू." दूधवाल्यानं दुधात पाणी घातलं तर "तुह्यावर कारवाई प्रस्तावित हाय बे!" गल्लीत कुणाकडे मूल झालं की ती आवक आणि कुणी गेलं की जावक. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे निष्ठुर वाटायचं. पण ती नवऱ्याबद्दलही तसंच बोलायची, "आमच्याकडची जावक झाली," आणि ते बोलताना तिचा आवाज कसा होतो हे ज्यानं ऐकलं, त्याला पुन्हा ते निष्ठुर वाटलं नाही.

माझ्या बायकोला आधी धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. इकडे बायकाही "मी करतो, मी जातो" म्हणतात. साताऱ्याच्या मुलीनं पहिल्या दिवशी भिंतीपलीकडून "मी आंघोळ करतो" ऐकलं आणि मला विचारलं, "काकू विधवा आहेत ना? मग आत कोण आहे?"

तर नवऱ्याची गोष्ट. काका शाळेत गणित शिकवायचे. त्यांना बीपी होतं. गोळी चालू होती. काही महिने बरं वाटलं म्हणून त्यांनी ती मनानंच सोडून दिली, घरात सांगितलं नाही. एका सकाळी पेपर वाचता वाचता खुर्चीतच गेले. पुढे काकूंनाही बीपी निघालं, तेव्हापासून रोज सकाळी चहाआधी गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायची आणि भिंतीवरच्या काकांच्या फोटोला जरा रागानंच ऐकवायची, "घेतली हो!" आमच्या घरी घड्याळापेक्षा त्या आरोळीवर जास्त भरवसा होता. ती ऐकली की मी दाढीला बसायचो. एकदा ती पुण्याला मुलाकडे जाऊन आली, आल्या आल्या पिशवी खाली ठेवायच्या आधी फोटोला सांगितलं, "तिकडंबी घेतली."

तिच्या आयुष्यात या दोन गोष्टींवर संशय घ्यायची कुणालाच मुभा नव्हती. एक बिबा आणि दुसरी गोळी. आणि ज्या वर्षाची ही हकीकत आहे, त्या वर्षी या दोघांपैकी एकजण तिच्यावर उलटला.

त्या वर्षी माझ्या बायकोला दिवस गेले होते. तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडेच करायचं ठरलं. काकूंनी सातव्या महिन्यातच जाहीर केलं, "लाडवाचा विषय माह्याकडे. कोनी हस्तक्षेप करू नये." त्या गल्लीत गेल्या कित्येक वर्षांत जी बाळंतीण झाली, तिनं काकूंच्या हातचे लाडू खाल्ले होते. कुणाकडून एक पैसा नाही. ते लाडू खाऊन वाढलेली पोरं आता मोटारसायकली उडवत गल्लीतून जातात आणि काकू त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणतात, "गोडंबी चालली पाहा."

होळीच्या सुमारास काकूंचं बीपी जरा वर राहायला लागलं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. दुसऱ्या दिवशी फोटोला ऐकवलं गेलं, "नवी घेतली हो!" मग पोतं अंगणात आलं, मामाला राम राम झाला, आणि आमच्या लाडवांसाठी ठोकाठोकी सुरू झाली.

चैत्र लागला आणि काकूंचे हात लाल झाले. आधी पंज्यांच्या पाठी, मग कोपरापर्यंत, मग गळ्याशी, मग गालांवर. खाज इतकी, की बोलता बोलता त्या हात पातळावर घासायच्या. कातडी जाड झाली, काळवंडली, खवले सुटायला लागले.

गल्लीला निकाल द्यायला वेळ लागला नाही. "अवो माय! काकूले बिबा उतला!" हे ज्या सुरात बोललं जात होतं, त्यात काळजी होती हे मी नाकारत नाही, पण थोडी गंमतही होती. एवढी वर्षं मिरवलं, शेवटी मामा चावलाच. कुणी चिंचेचा पाला आणून दिला, कुणी खोबऱ्याचा कीस बांधायला सांगितलं. ज्यांनी बीपीची गोळी दिली होती त्या डॉक्टरांनीही अंगणातलं पोतं ऐकून माहीत असल्यामुळे मलम लिहून दिलं आणि बिबे बंद करायला सांगितलं. चुकीचं म्हणावं असं त्यात काही नव्हतं. बिबे फोडणाऱ्या बाईच्या हाताला फोड आले, तर दुसरं काय वाटणार?

काकूंनी मलम लावलं. बिबे मात्र चालू ठेवले. "हा आरोप मले मान्य नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

अशात माझी आई आली. आमचं गाव देऊळगाव राजाकडचं, आईची बोली मराठवाड्याकडे झुकणारी, आणि स्वभाव एकदा बोललं की बोललं. तिनं अंगणात काकूंचे हात पाहिले आणि आत येऊन मला म्हणाली, "त्या हातचे लाडू माझ्या सुनेला चालायचे नाहीत. गोडंबी चांगली असंल, पण हात बघितले का? उद्या लेकराला काही झालं तर?"

"आई, हळू बोल."

"हळू कशाला? खोटं बोलते का मी?"

मधली भिंत साधी, विटेची. काकूंनी ऐकलं, हे मला कळलं, कारण पलीकडची ठोकाठोकी थांबली. ती त्या दिवशी पुन्हा सुरू झाली नाही. ज्या बाईच्या हातांनी गल्लीतली अर्धी पोरं पोसली, तिच्या हातांना माझ्याच घरातून नकार गेला होता. आईचंही चुकत होतं असं म्हणवत नव्हतं. पोटुशी सून घरात असताना कोणती सासू धोका पत्करील?

दुसऱ्या सकाळी गोळीची आरोळी झाली आणि पाठोपाठ काकू आमच्या दारात. "बँकवाले, मी अपील करतो."

"कुठं?"

"इथंच. बाया बोलवा."

दुपारी गल्लीतल्या बाया अंगणात जमल्या. पुरुषांना मज्जाव होता, म्हणून पुढचं मी बायकोकडून ऐकलेलं सांगतो. काकूंनी पोत्याला राम राम केला, एक बिबा दगडानं चेचला, त्याचं काळं तेल काडीवर घेतलं आणि पोलक्याची बाही वर सारून दंडाच्या गोऱ्या भागावर चांगलं रुपयाएवढं माखलं. बाया ओरडल्या. माझी आई उठून उभी राहिली. काकू म्हणाल्या, "बिबा उतते तं इथं उतू द्या. तीन-चार रोजानं तपासणीले या." आणि त्या आत निघून गेल्या.

हे कुणी करून पाहू नये. पुढे खामगावच्या चामडीच्या डॉक्टरांनी याच कारणावरून त्यांना माझ्यादेखत झापलं, आणि योग्य झापलं. पण तपासणीच्या दिवशी दंडावर तेलाचा डाग सोडला तर काहीही नव्हतं. ना फोड, ना लाली. आणि खाली हात तसेच पेटलेले. माझी आई म्हणाली, "मग हे आहे तरी काय? बिबा नाही तर आणखीच वाईट काही असंल." आईचं बोलणं कडू होतं, पण प्रश्न बरोबर होता. काकूंनाही तो पटला असावा, कारण मी खामगावला चला म्हटलं तेव्हा त्या अपिलाच्या पुढच्या तारखेला निघाव्यात तशा निघाल्या.

एस.टी.त त्या खिडकीशी बसल्या. नांदुरा मागे पडला. मग म्हणाल्या, "चोर सोडून संन्याशाले फाशी देऊन राह्यले हे लोक. मामा असं करनार नाही. पन मंग चोर कोन?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी बिब्याची सगळी हकीकत ऐकून घेतली, झापायचं ते झापलं, दंड पाहिला आणि मग म्हणाले, "काकू, बांगड्या जरा वर करा."

काकूंनी बांगड्या वर सारल्या. बांगड्यांखाली कातडीची एक स्वच्छ, गोरी पट्टी होती. घड्याळाच्या पट्ट्याखाली तसंच. पोलक्याची बाही जिथं संपते, तिथं लाली रेघ मारल्यासारखी थांबली होती. हनुवटीखालच्या सावलीतही काही नव्हतं.

"बिबा बांगडीला घाबरत नाही," डॉक्टर म्हणाले. "हे ऊन आहे. पण ऊन तर तुम्ही जन्मभर खाल्लं. आताच कसं बाधलं? गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"बीपीची हाय. पन तिचा काय संबंध? गोळी पोटात जाते."

"दाखवा तरी."

पिशवीतून पाकीट निघालं. डॉक्टरांनी नाव वाचलं आणि मान हलवली. होळीला बदललेल्या या गोळीत जुन्या औषधासोबत अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारं औषध मिसळलेलं होतं. त्यांनी समजावून सांगितलं, की हे औषध चांगलं आहे, हजारो लोकांना चालतं, पण एखाद्याची कातडी त्यानं उन्हाला हळवी होते. बीपीच्या, हृदयाच्या आणखीही काही गोळ्या कुणाकुणाच्या अंगावर अशा ना तशा उमटतात. कुणाला खाज, कुणाला चट्टे, एखाद्याचे ओठ सुजतात, तेव्हा तर धावतच दवाखाना गाठायचा. काकू तर भर उन्हात अंगणात बसत होत्या.

मला वाटलं, आता काकू जिंकल्याच्या आनंदात ओरडतील. त्यांनी पाकीट हातात घेतलं आणि त्याकडे बघत राहिल्या. "गोळीनं केलं?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. "म्या तं एक रोज चुकवली नाही, डाक्टर. आमच्या मास्तरांनी सोडली अन् ते गेले. म्या धरून ठेवली, तं मले हे? मंग आता मीबी सोडू का?"

डॉक्टरांना काकांची गोष्ट माहीत नव्हती, पण माणूस समजदार होता. आणि काकूंची भाषा तोवर त्याच्या कानात बसली होती. "अजिबात नाही," तो म्हणाला. "मनानं एक दिवसही बंद करायची नाही. गोळीला बडतर्फ करायचं नाही, तिची बदली करायची. मी तुमच्या डॉक्टरांशी आत्ता फोनवर बोलतो. ते दुसरी देतील."

काकूंनी लांब श्वास घेतला. "बदली होय! बदली म्हनजे शिक्षा नोय. सरकारी नोकरीत बदली होतेच."

परतीच्या वाटेवर त्या खिडकी सोडून आतल्या बाजूला बसल्या, पदर हातांवर ओढून. जळगाव जवळ आल्यावर म्हणाल्या, "बँकवाले, मामा सुटला, हे चांगलं झालं. पन गोळीलेबी बोल नका लावू. तिनं इतके वर्षं मले राखलं." नंतर मी खूप माणसं पाहिली, ज्यांना आपलं खरं ठरलं की दुसऱ्याला तुडवल्याशिवाय चैन पडत नाही. काकूंना बिबा आणि गोळी दोघांचाही मान राखायचा होता. मला तेव्हा त्यांचा जो अभिमान वाटला, तो आजही तसाच आहे, आणि त्यांच्या घरी भाड्यानं राहिलो हे मी बँकेत नव्या माणसाला आवर्जून सांगतो.

नवी गोळी आली. फोटोला सांगण्यात आलं, "बदलली, सोडली नाही हो! डाक्टरले इचारून बदलली!" उन्हात अंग झाकायला सांगितलं होतं, म्हणून काकांचे ट्रंकेतले पांढरे शर्ट निघाले. गल्लीत फिरून काकूंनी स्वतःच निकाल वाचून दाखवला, "बिबा निर्दोष! नोंद घ्यावी!" खाज गेली, खवले गेले, पण काळे डाग मात्र हातांवर राहिले. ते जायला वेळ लागेल, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

बायांनी नोंद घेतली. माझ्या आईनं घेतली नाही. "डाग तर हायेत ना?" एवढं म्हणून ती स्वतः खारीक-खोबऱ्याचे लाडू वळायला बसली. काकूंनी आपली फोडलेली गोडंबी डब्यात भरून फळीवर ठेवून दिली.

ज्येष्ठात मुलगी झाली. दवाखान्यातून आम्ही बाळ-बाळंतिणीला घरी आणलं तेव्हा सगळी गल्ली दारात होती, फक्त काकू त्यांच्या उंबऱ्यावरच उभ्या होत्या. आकाश भरून आलेलं, उन्हाचा पत्ता नाही, तरी अंगात काकांचा शर्ट. बाह्या थेट बोटांपर्यंत ओढून घेतलेल्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "आवक झाली का?"

"झाली, काकू. या ना!"

"येतो मंग. सवडीनं." आणि त्यांनी बाह्या आणखी खाली ओढल्या.

मी तर मी, पण आईनंही ते पाहिलं. ज्या बाईनं सगळ्या गल्लीसमोर दंडावर बिबा माखून घेतला, ती आता सावलीतही हात लपवत होती, आणि कुणापासून लपवत होती हे आईला सांगावं लागलं नाही. ती बायकोच्या हातून बाळ घेऊन सरळ काकूंच्या उंबऱ्याशी गेली.

"बाह्या वर करा," आई म्हणाली.

"राहू द्या, ताई."

"करा म्हणते ना!"

काकूंनी बाह्या दुमडल्या. कोपरापर्यंत काळपट, चट्ट्याचट्ट्याचे हात. आईनं ते डोळे भरून पाहिले, आणि त्या हातांवर लेकरू ठेवलं. "चुकलं माझं. लाडू तुम्हीच करा. मी केलेले सुनेच्या घशाखाली उतरत नाहीत, नुसत्या खारका झाल्यात."

काकूंनी बाळाकडे पाहिलं. पापणी हलली नाही, पण नाक लाल झालं. "आवक मिळाली," त्या म्हणाल्या. "चांगल्या अवस्थेत मिळाली." मग त्या अंगणात गेल्या, त्या कोपऱ्यापासून चांगल्या लांब उभ्या राहिल्या, बाळाचं तोंड पोत्याकडे केलं आणि म्हणाल्या, "म्हन बाई, मामा, राम राम."

बाळ झोपलेलं होतं. माझ्या आईनं पदर सावरला आणि नातीच्या वतीनं पोत्याला हात जोडले.